काय मांडावं, काय गाळावं

इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या जुन्या वाड्याचा मालक विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागाने काढलं. फोटोग्राफी तेव्हा नुकती कुठे रांगायला लागली होती. पुस्तकातली २४ छायाचित्रं छापलेली नव्हती. प्रत्येक प्रतीत ती हाताने चिकटवलेली होती. त्यातलं तिसरं चित्र चिनी मातीच्या भांड्यांचं आहे. फळ्यांवर ओळीने लावलेल्या किटल्या, कप, बशा, शोभेच्या वस्तू. सोबतच्या मजकुरात टॉल्बट अगदी व्यवहाराचं बोलतो. किटलीचा आकार जितका चमत्कारिक, तितकं तिचं वर्णन लिहिणं अवघड आणि फोटो सोयीचा. उद्या चोराने हा ऐवज लांबवलाच, तर कोर्टात ही मुकी साक्ष कामाला येईल.

म्हणजे संग्रहाचा फोटो हा फोटोग्राफीइतकाच जुना प्रकार आहे. त्यात तेव्हापासून दोन कामं एकमेकांत मिसळलेली आहेत. एक काम नोंदीचं: आपल्याकडे काय काय आहे, ते दाखवणं. दुसरं काम चित्राचं: ज्याने ती वस्तू कधी हातात घेतली नाही त्यालाही ती बघावीशी वाटणं. घरोघरचे संग्राहक पहिलं काम करत असतात आणि दुसऱ्याची अपेक्षा धरतात. डायनिंग टेबलावर साठ वस्तू पसरायच्या, वर ट्यूबलाइट लावायची, मागे फ्रिजचा कोपरा येऊ द्यायचा आणि खुर्चीवर चढून फोटो घ्यायचा. संग्राहकाला त्यात साठ गोष्टी आठवतात. बघणाऱ्याला मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी चादरीवर मांडलेला माल दिसतो. नेमकं काय बघायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

अडचण कॅमेऱ्याची नसते, मायेची असते. एकही वस्तू बाहेर ठेवायला मन होत नाही.

उदाहरणादाखल अडकित्त्यांचा संग्रह घ्यावा. महाराष्ट्रात तो अनेकांकडे असतो आणि त्याचा सगळ्यांत नामांकित नमुना पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. दिवे, वजऱ्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी आणि अडकित्ते अशा हजारो वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळवल्या. संग्रहालयाला अडकित्ते कपाटात रांगेने लावावेच लागतात, कारण अभ्यासकाला सगळे बघायचे असतात. घरच्या फोटोवर ती सक्ती नाही. तिथे बारा अडकित्त्यांपैकी तीनच घेतले तरी कोणी जाब विचारत नाही.

तीन कोणते, हे ठरवायची एक साधी युक्ती आहे. फोन हातात घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहावं: या फोटोत काय दिसलं पाहिजे? ‘सगळ्यांवर पोपटच आहे, पण प्रत्येकाची चोच वेगळी.’ किंवा ‘सगळ्यांत साधा अडकित्ता सगळ्यांत जास्त झिजलाय.’ किंवा ‘मिटलेला अडकित्ता म्हणजे नुसती दांडी, उघडला की पाखरू.’ असं वाक्य हातात असलं की मांडणी निम्मी झालेली असते. पहिल्या वाक्याला तीन-चार पोपट हवेत, एकाच दिशेला तोंड करून, चोची एका रेषेत. दुसऱ्याला एक झिजका आणि एक कोरा, शेजारी शेजारी, पात्याची धार स्पष्ट दिसेल इतक्या जवळून. तिसऱ्याला आठ मिटलेले आणि एकच उघडा. वाक्यात दोनदा ‘आणि’ आला, तर ते दोन फोटो आहेत असं धरून चालावं.

साम्य आणि फरक हा संग्रहाचा प्राणच असतो आणि तो चित्रात कसा उतरवावा याचा धडा जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने घालून दिला. १९५९पासून पुढे कित्येक वर्षं ते पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कोळसाखाणींवरचे मनोरे अशा बांधकामांचे कृष्णधवल फोटो घेत राहिले. आकाश ढगाळ, कॅमेरा सरळ समोर, चौकटीत वस्तूचा आकार साधारण तेवढाच. असे नऊ, बारा, पंधरा फोटो मग ते ओळी-रकान्यांत एकत्र लावत. एकेकटी टाकी कंटाळवाणी दिसेल. पण पंधरा शेजारी आल्या की डोळा आपोआप एकीवरून दुसरीवर उड्या मारायला लागतो. बाकी सगळं तेच ठेवलं म्हणून फरक बोलू लागला, एवढंच त्यातलं गुपित.

हे घरी करायला खर्च शून्य. टेबलावर चिकटपट्टीने खूण करायची, फोन स्टँडला लावायचा किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवायचा आणि शेवटची वस्तू होईपर्यंत हलवायचा नाही. पहिल्या वस्तूवर पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. ते केलं नाही तर काळ्या लोखंडी अडकित्त्याला फोन पार्श्वभूमी उजळ करेल, पितळीला गडद करेल आणि नऊ चौकोन नऊ घरांतून आणल्यासारखे दिसतील. मग सगळे फोटो चौरस कापून एकत्र लावायचे. किल्ल्या, घंटा, शाईची पेनं, काडेपेट्या, कुंकवाचे करंडे, कुठल्याही संग्रहाला हा प्रकार चालतो. एकच पथ्य: एकाही वस्तूला ‘ही जास्त आवडती’ म्हणून मोठं करायचं नाही.

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स याने वाट नेमकी उलटी धरली. १९५५ साली ‘फॉर्च्युन’ मासिकात त्याने हार्डवेअरच्या दुकानातल्या पाच हत्यारांचे फोटो दिले. पक्कड, पत्रा कापायची कात्री, गवंड्याची थापी, पाना, खोकं उघडायचं हत्यार. एका पानावर एक वस्तू. मागे सपाट फिका रंग, उजेड मऊ, सोबतीला काही नाही. दोन-अडीच डॉलरलाही महाग नसलेली ही हत्यारं तिथे पुतळ्याच्या तोऱ्यात उभी आहेत. हा इव्हान्स स्वतः अट्टल संग्राहक होता. त्याने जमवलेली सुमारे ९,००० चित्रपोस्टकार्डं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. कशावर थांबायचं हे त्याच्या डोळ्याला त्या सवयीने कळत असावं. अडकित्त्यांच्या ढिगातही बहुधा एखादा असा असतो, ज्यावर ना मोर ना मैना, फक्त दोन दांडे, एक खिळा आणि पातं. त्याला अख्खी चौकट द्यावी.

वस्तू काटकोनात, एकमेकींना समांतर मांडून बरोबर वरून फोटो घ्यायची पद्धत हल्ली फार दिसते. तिला ‘नोलिंग’ म्हणतात. १९८७ साली वास्तुकार फ्रँक गेरी यांच्या फर्निचरच्या कार्यशाळेत अँड्र्यू क्रोमेलो हा सफाई कामगार विखुरलेली हत्यारं अशी लावून ठेवायचा. तिथे तेव्हा नोल कंपनीसाठी खुर्च्या बनत होत्या, त्यावरून हे नाव पडलं. शिल्पकार टॉम सॅक्स याने ते पुढे जगभर नेलं. पेनं, कंपासपेटीतल्या वस्तू, घड्याळजीची हत्यारं यांना ती छान शोभते. पण अडकित्त्यांना, दिव्यांना, घंटांना ती जुळत नाही. वळणदार वस्तू काटकोनात बसवल्या की अवघडून बसल्यासारख्या दिसतात. त्यांच्या बाबतीत एकीच्या पोटातल्या पोकळीत दुसरीचा बाक बसवून बघावा. मधली रिकामी जागासुद्धा आकार धरायला लागते.

वरून फोटो घेताना फोन टेबलाला अगदी समांतर हवा, नाहीतर चौकोनी काडेपेटी एका बाजूला निमुळती होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड आणि लेव्हल सुरू केलं की बऱ्याच फोनमध्ये फोन सपाट झाल्याची खूण पडद्यावर दिसते. आणि फोनची नेहमीची लेन्स वस्तूला फार चिकटवू नये. जवळचा दांडा अवाढव्य आणि लांबचा बारका दिसतो. दोन पावलं मागे सरकून दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरावी. काही फोन जवळ नेताच स्वतःहून मॅक्रोवर उडी मारतात. आकार वेडावाकडा वाटला तर ते बंद करता येतं. पोर्ट्रेट मोडला तर या कामात हातच लावू नये. नक्षीतली भोकं आणि दांड्यांमधली फट त्याला कळत नाही. तो तिथली पार्श्वभूमी धारदार ठेवतो आणि एखादा कान पुसून टाकतो.

आता उजेड. निम्म्याहून अधिक यश इथे आहे, म्हणून इथे घाई करू नये.

फ्लॅश बंद. ट्यूबलाइटही बंद, कारण खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एका रंगाचे नसतात. पितळाची एक बाजू सोनेरी आणि दुसरी हिरवट येते ती त्यामुळे. टेबल एकाच खिडकीशेजारी ओढावं आणि उजेड वस्तूच्या बाजूने येईल असं बघावं. समोरून, म्हणजे फोटो घेणाऱ्याच्या पाठीमागून आलेला उजेड नक्षी सपाट करून टाकतो. सावली मऊ की कडक हे उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने किती मोठा आहे त्यावर ठरतं. खिडकीवर धुवट मलमलीचं धोतर किंवा पातळ पांढरा पडदा टाकला की अख्खी खिडकी हाच एक मोठा दिवा होतो. पलीकडच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की गडद सावलीत थोडा उजेड परततो. किती परत पाठवायचा हे तुकडा पुढे-मागे करून ठरवावं, अंदाजाने नव्हे. मुंबई-कोकणातले संग्राहक पावसाळ्यातल्या अंधारलेल्या दुपारींवर वैतागतात. पण ढगांनी गाळलेला तो उजेड या कामाला सोन्यासारखा असतो. मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाचं मात्र काही करता येत नाही.

कोवळं तिरपं ऊन ही वेगळी चीज. सकाळी खिडकीतून जमिनीसरपट येणाऱ्या उन्हात अडकित्ता उभा टेकवला, तर फरशीवर त्याची हातभर सावली पडते. पोपटाची चोच आणि दांड्यांचा बाक सावलीत जास्त उठून दिसतात. अशा वेळी वस्तू चौकटीच्या कडेला सरकवून मधली जागा सावलीला द्यावी. ऊन फार वेळ थांबत नाही. मांडणी आदल्या दिवशीच करून ठेवलेली बरी.

नक्षी, नाणी, पदकं यांच्या बाबतीत उजेड चौकटीच्या वरच्या बाजूने यावा. उजेड वरूनच येणार असं डोळा गृहीत धरतो, त्यामुळे खालून उजेड आला की उठावाचा भाग खोलगट भासतो आणि नाण्यावरचा मुखवटा आत दबल्यासारखा दिसतो. झिजलेल्या शिवराईवरची अक्षरं वाचता यावीत असं वाटत असेल, तर विजेरी जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणून उजेड सरपटत सोडावा आणि नाणं हळूहळू फिरवत बघावं. कुठल्या तरी एका कोनात अक्षरं उभी राहतात.

धातूच्या वस्तूंनी भले भले जेरीला येतात. पॉलिश केलेलं पितळ, चांदी, तांबं हे आरसे आहेत. त्यांच्यावर जे दिसतं ते त्यांचं नसतं, समोरच्या खोलीचं असतं. तांब्याच्या पोटावर नीट बघितलं तर छताचा पंखा, खिडकीची गजांची चौकट आणि मधोमध फोन धरलेली, फुगलेल्या हातांची एक आकृती दिसते. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून केलेल्या मठारकामाच्या भांड्यावर तर प्रत्येक ठोका हा एक वेगळा आरसा. दिवा एक असला तरी त्याचे शंभर ठिपके उमटतात. म्हणून धातूचा फोटो घेताना भांड्यावर उजेड कसा पडतो हे बघण्यापेक्षा भांड्याला समोर काय दिसतंय ते बघावं. समोर पांढरा कागद असेल तर तिथे स्वच्छ उजळ पट्टा उमटेल. काळा असेल तर काळा.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून वस्तूभोवती चारही बाजूंनी पांढरा तंबू करतात. बाजारात तसे डबेही मिळतात. त्यात चांदी पांढुरकी आणि पितळ प्लॅस्टिकचं दिसायला लागतं, कारण चमक कळायला उजळ भागाला लागून काळा भाग हवा. तंबू केलाच तर एका बाजूला दोन बोटं रुंद काळ्या कार्डशीटची पट्टी उभी लावावी. भांड्याच्या कडेला एक बारीक गडद रेघ उमटते आणि गोलाई परत येते. फोटो घेणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढरा शर्ट भांड्यात हमखास शिरतो.

घासणं हा त्याच्याही आधीचा प्रश्न. फोटो काढायचा म्हणून आदल्या रात्री चिंच-मीठ किंवा पितांबरीने लखलखीत घासायची घाई होते. रोजच्या समईला हे ठीक आहे. पण जुन्या पितळावर, तांब्यावर वर्षानुवर्षांचा जो काळपट-तपकिरी थर बसलेला असतो तो एकदा गेला की गेलाच. शिवाय नक्षीच्या खाचांतला काळेपणाच तर फोटोत आकृती उठवतो. जुनी नाणी तर अजिबात घासू नयेत, संग्राहकांच्या बाजारात त्यांची किंमत पडते. मऊ ब्रशने धूळ झटकावी, एवढं पुरे. धातूच्या वस्तू सुती हातमोज्यांनी धराव्यात, बोटांचे ठसे फोटोत ठळक येतात आणि पुढे धातूवरही उठतात. कागदाला मात्र हातमोजे नकोत, स्वच्छ कोरडे हात चांगले. मोज्यात जाणीव कमी होते आणि पान फाटतं.

काचेचा न्याय निराळा. टॉल्बटने भांड्यांच्या पाठोपाठ काचेच्या वस्तूंचंही चित्र दिलं आणि पांढरी चिनी माती व काच एका फोटोत बरी येत नाहीत हे तेव्हाच नोंदवलं. चिनी मातीचं चित्र पुरं होतं तेव्हा काचेचं जेमतेम सुरू झालेलं असतं. आजच्या फोनचीही तीच तारांबळ उडते. अत्तराच्या कुप्या, जुन्या सोडा-बाटल्या, चिमण्या अशा काचेच्या वस्तू वेगळ्या घ्याव्यात आणि त्यांना उजेड मागून द्यावा. खिडकीच्या काचेवर बटरपेपर चिकटवायचा, कुप्या त्याच्यापुढे हातभर अंतरावर ठेवायच्या. चौकटीच्या बाहेर डाव्या-उजव्या बाजूला एकेक काळा पुठ्ठा उभा केला की काचेच्या कडा पेन्सिलीने ओढल्यासारख्या गडद होतात. कुपीत उरलेलं थेंबभर अत्तर या उजेडात असं काही पेटतं की तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा.

पार्श्वभूमी म्हटलं की पैठणी बाहेर निघते. निदान जुन्या वस्तूंच्या फोटोत तरी निघतेच. पण जरीचे काठ, बुट्ट्या आणि अडकित्त्यावरची नक्षी एकाच चौकटीत आले की दोघांचं भांडण लागतं आणि त्यात पैठणी जिंकते. ओट्याचा कडप्पा, शहाबादी फरशी, घोंगडी, जुना पाट, गोधडीची उलटी बाजू, हातकागद, न रंगवलेली खादी, हे सगळं घरात असतं आणि वस्तूला वरचढ होत नाही. लोखंडी वस्तू कडप्प्यावर हरवते, तिला पाटाचं लाकूड द्यावं. पितळ घोंगडीच्या काळ्या खरबरीतपणावर खुलतं. काळ्या पार्श्वभूमीवर फोन उगाच जास्त उजेड घेतो आणि काळ्याचा राखाडी करतो. पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. पांढऱ्यावर नेमकं उलट, तिथे ती वर न्यावी लागते.

कधी कधी पार्श्वभूमी म्हणून दुसरी वस्तूच नामी ठरते. एडवर्ड वेस्टन याने १९३० साली ढोबळी मिरचीचा जो जगप्रसिद्ध फोटो घेतला, त्यात मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली आहे. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने परतलेल्या उजेडामुळे ती मिरची पिळदार शरीरासारखी दिसते. परात, कल्हईचं पातेलं, सूप, पाट्याचा टाकी लावलेला दगड, यांच्यात एखादी छोटी वस्तू ठेवून बघायला काय हरकत आहे?

वापरातली सोबत देणं हा आणखी एक मार्ग, पण तिथे हात आखडता हवा. अडकित्त्याबरोबर चुनाळू, काताची डबी, पानं, लवंगा, वेलदोडे, तबक आणि वर झेंडूची फुलं असा थाट केला की ते लग्नाच्या रुखवताचं चित्र होतं. त्यापेक्षा कापडी चंची घ्यावी. तिचा एक कप्पा उलगडलेला, कडेला चुन्याचा जुना पांढरा डाग, पानाच्या रसाने तांबूस झालेली शिवण. शेजारी अडकित्ता अर्धवट उघडा आणि पात्याखाली सुपारीचं अर्धं खांड, आतल्या पांढऱ्या-तपकिरी रेषा दिसतील असं वळवलेलं. चिमूटभर कातरण पडली तर पडू द्यावी, पण पसरून ठेवलेली कळते. घरात कोणी अजून सुपारी कातरत असेल, तर त्या व्यक्तीलाच कातरायला सांगून नुसत्या हातांचा फोटो घ्यावा. बोटं कुठे आणि अंगठा कुठे ठेवायचा, हे दांड्याच्या घडणीतच आहे. हात आल्याशिवाय ते कळत नाही. वस्तू केवढी आहे, हाही प्रश्न त्याच फटक्यात सुटतो.

खेळणी जमवणाऱ्यांनी मात्र ‘वस्तूचा फोटो’ हा विचारच सोडून द्यावा. भातुकली, डिंकी गाड्या, सावंतवाडीची लाकडी खेळणी वरून घेतली की ती खेळणीच राहतात. फोन उलटा धरावा, म्हणजे लेन्स जमिनीला लागते, आणि बाहुलीच्या नजरेतून बघावं. दिवाळीच्या किल्ल्यावर पोटावर पडून मावळ्यांकडे बघणारी मुलं हेच करतात. अमेरिकेतल्या मायकल पॉल स्मिथ यांनी या युक्तीवर ‘एल्गिन पार्क’ नावाचं अख्खं काल्पनिक गाव उभं केलं. टेबलावर १:२४ मापाच्या खेळण्यातल्या गाड्या आणि स्वतः बनवलेली छोटी घरं मांडायची, टेबल उघड्यावर अशा ठिकाणी न्यायचं की मागचे खरे रस्ते आणि झाडं त्याच क्षितिजाला जुळतील, आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. बघणाऱ्याला १९५०च्या आसपासचा खराखुरा रस्ता दिसतो. यात क्षितिज जुळणं हीच सगळी कारागिरी. ओल्या डांबरी रस्त्यावर, पावसाची भुरभुर थांबल्या थांबल्या, एखादी डिंकी ठेवून प्रयोग करता येतो. मात्र ऊन गाडीवर ज्या बाजूने पडतं त्याच बाजूने मागच्या इमारतीवरही पडलेलं असावं.

तिकिटं, काडेपेट्यांची लेबलं, जुनी पत्रं, सिनेमाच्या पुस्तिका यांची नोंद करायची तर कॅमेऱ्यापेक्षा फ्लॅटबेड स्कॅनर बरा. ६०० डीपीआयला छपाईचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसतात. चित्र करायचं तर उलट त्यांचं कागदपण दाखवावं: वळलेला कोपरा, घडीची रेघ, तिकिटाचे दाते, डिंकाचा पिवळेपणा. उजेड तिरपा दिला की हे सगळं वर येतं. पण उन्हात नाही. संग्रहालयं कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत आणि थेट उन्हाचा उजेड लाख लक्सपर्यंत जातो. मांडणी जुळवताना झेरॉक्स प्रती वापराव्यात, मूळ कागद शेवटच्या पाच मिनिटांत ठेवावा. तिकिटं चिमट्यानेच उचलावीत.

टॉल्बटची चोराची गोष्ट विसरू नये. चित्रं कितीही सुंदर निघाली तरी प्रत्येक वस्तूचा एक साधा, अलंकार नसलेला नोंदीचा फोटो वेगळा हवाच: समोरून, मागून, शेजारी मोजपट्टी, आणि तिच्यावरचा पोचा, डाग, कोरलेलं नाव किंवा शिक्का यांचा जवळून एकेक. १९९७ साली ठरलेलं ‘ऑब्जेक्ट आयडी’ हे आंतरराष्ट्रीय मानक चोरीला गेलेल्या वस्तू ओळखण्यासाठी हेच मागतं. ओळख पटते ती वस्तूच्या खोडीवरून. घरातल्या मूर्ती, चित्रं किंवा पोथ्या जुन्या असतील तर आणखी एक गोष्ट. भारतात १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेष ठरू शकतात, त्यातल्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, आणि तिथेही फोटो लागतात. हे नोंदीचे फोटो कोणाला पाठवायचे नाहीत. जे पाठवायचे किंवा समाजमाध्यमांवर टाकायचे, त्यांच्यावरची ठिकाणाची माहिती आधी काढून टाकावी. फोन फोटोत घराचा पत्ता लपवून ठेवतो आणि चांदीच्या भांड्यांखाली तो असणं बरं नाही.

छापायला द्यायचे फोटो वेगळे तयार करावेत. फोनचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही, म्हणून पडद्यावर जेमतेम ठीक वाटणारा फोटो छापल्यावर काळवंडतो. उजेड एक पायरी चढवून आधी एक छोटी प्रत काढून बघावी. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रतीला २,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात; आजचा कुठलाही बरा फोन तेवढे देतो, फक्त व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत स्टुडिओत देऊ नये. धातूच्या फोटोंना चकचकीत कागद घेऊ नये. पितळाची चमक, कागदाची चमक आणि भिंतीवरच्या काचेची चमक मिळून मूळ नक्षी दिसेनाशी होते. मॅट कागदावर अडकित्त्याच्या खाचा दिसत राहतात. नऊ चौकोनांची जाळी भिंतीवर लावायची असेल, तर नऊ वेगळ्या फ्रेमांपेक्षा एका मोठ्या कागदावर छापून एकच फ्रेम करून घ्यावी. खर्चही कमी येतो आणि दर दिवाळीला नऊ खिळ्यांची पातळी जुळवत बसावं लागत नाही.